तुमच्या घरी नाताळात नेमकं काय असतं?

कोथरूडकरीण (१७ डिसेंबर, रात्री १०.४२)

परवा लेकीने (वय सात, इयत्ता दुसरी) सासूबाईंसमोरच मला विचारलं, आई, सांता येतो तेव्हा गेटवर वहीत नाव लिहून येतो का गं? मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, येऊ दे की, फक्त चपला बाहेर काढायला सांग त्याला.

तेव्हापासून डोक्यात चालूच आहे. माझं माहेर नारायण पेठेतलं. आमच्याकडे नाताळ म्हणजे एक दिवसाची सुट्टी आणि त्याच्या आसपास शाळेचं गॅदरिंग, बस. हां, एक होतं. बाबा कॅम्पात नोकरीला होते आणि २४ तारखेला येताना लुनाच्या हँडलला पिशवी लटकवून प्लम केक आणायचे, आई त्याचे मोजून अकरा तुकडे करायची (वाड्यात आम्ही अकरा जणं) आणि आजी तिचा तुकडा 'मला अंडं चालत नाही' म्हणत मला द्यायची. आमचा नाताळ एवढाच. आता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, मुलामागे दोनशे रुपये काढा, गिफ्ट रॅप करून वर नाव घालून वॉचमनकडे द्या, सांता साडेसातला येणार. आणि गंमत म्हणजे आमच्याच मजल्यावर समोर एक ख्रिश्चन काकू राहतात, त्यांना या सगळ्यात कोणी काही विचारलेलं पण नाही. मी पण नाही. चार वर्षं झाली राहायला येऊन, लिफ्टमध्ये हसतो तेवढंच.

तर सांगा, तुमच्या घरी नाताळात काय असतं? पूर्वीपासून होतं की मुलांमुळे सुरू झालं? ज्यांच्या घरचाच सण आहे त्यांनी तर नक्की लिहा. आणि थंडी पडलीय का तुमच्याकडे, आमच्याकडे अजून पंखा एकवर चालू आहे. प्लीज आपला-त्यांचा वाद नको.

पेठेतला_पंत (१७ डिसेंबर, रात्री १०.५०)

'वाद नको' असं लिहिलंय म्हणजे प्रतिसादांची शंभरी नक्की. शेंगदाणे घेऊन बसलोय, पॉपकॉर्न आता परवडत नाही.

गुलबकावली (१७ डिसेंबर, रात्री ११.१५)

लुना वाचून डोळ्यात पाणी. आमच्याकडे केक घरीच व्हायचा, तोही कुकरमध्ये वाळू घालून. शिट्टी काढायची, रिंग काढायची, तळाला वाळू, त्यावर डबा. वाळू नदीची, आई ती तीन वेळा धुऊन गच्चीवर वाळवायची आणि वर्षभर जुन्या डालड्याच्या डब्यात 'केकची वाळू' अशी चिठ्ठी लावून ठेवायची. एकदा मामाने त्यात कुंडी भरली तेव्हाचं महाभारत अजून घरात काढलं जातं.

नंतर तो अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, मध्ये काचेची खिडकी असलेला. तो लावला की बाकीचे दिवे मंद व्हायचे. रास्ता पेठेत आमच्या मागे भट्टीवाली बेकरी होती, दिवाळीआधी नानकटाईचे पत्रे घेऊन आपली माणसं रांगेत असायची आणि डिसेंबरात त्याच रांगेत ख्रिश्चन बायका केकची भांडी घेऊन. भट्टीवाला प्रत्येक भांड्यावर खडूने खूण करायचा. तरी अदलाबदल व्हायचीच, आणि कुणीही तक्रार करायचं नाही कारण दुसऱ्याचा केक आपल्यापेक्षा बरा असायचा.

बाभूळ (१८ डिसेंबर, सकाळी ७.०५)

मी वाद घालत नाही पण स्पष्ट बोलतो. केक खा, कोण नाही म्हणतंय. पण दोनशे रुपये काढून भाड्याचा सांता आणायचा यात नेमका कुठला सण आहे? गुढीपाडव्याला शोभायात्रेची वर्गणी मागायला गेलो की हीच मंडळी दार लोटून घेतात. तो लाल कोटवाला म्हातारा तर कोल्ड्रिंकच्या कंपनीने जाहिरातीसाठी तयार केलेला आहे, गूगल करा.

पेठेतला_पंत (१८ डिसेंबर, सकाळी ७.०९)

आठ तास पंधरा मिनिटं. अपेक्षेपेक्षा उशीर झाला.

अवांतर_आजोबा (१८ डिसेंबर, सकाळी ९.३०)

बाभूळराव, गूगल अर्धवट केलंत. संत निकोलस हा चौथ्या शतकातला बिशप, मायरा गावचा, ते आज तुर्कस्तानात येतं. जाडजूड, दाढीवाला सांता अमेरिकेत थॉमस नास्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून साप्ताहिकात काढायला सुरुवात केली, पुढे त्याला लाल कोटही त्याच्याच चित्रांत मिळाला. कोका कोलाच्या जाहिरातीतला सांता १९३१ चा. म्हणजे कंपनीने म्हातारा जन्माला घातला नाही, दत्तक घेतला.

आता अवांतर, नावाला जागतो. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची जागा पेशव्यांनी दिलेली आहे, साल १७९२, सवाई माधवरावांची कारकीर्द. फौजेत गोव्याकडचे कॅथलिक होते त्यांच्या प्रार्थनेसाठी. म्हणजे पुण्यात सव्वादोनशेहून जास्त वर्षं नाताळ होतोय, आणि 'नाताळ' हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडून उचलून इतका मराठी केला की ख्रिसमस म्हटलं तर कुणाला परका वाटेल, नाताळ म्हटलं तर कुणालाच नाही.

आणि पेठेतल्या मंडळींना आठवण, १८९० साली गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये नुसत्या चहावरून केवढा गहजब झाला होता. रानडे, टिळक, सगळे त्यात. कुणी प्यायला, कुणी नुसता कप हातात धरला, नावं पेपरात छापून आली आणि मग ग्रामण्य (वाळीत टाकायचं प्रकरण), प्रायश्चित्त, काय काय. त्याच मिशनच्या चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. लहानपणी २४ च्या रात्री त्या ऐकायला आम्ही पोरं रस्त्यावर येऊन उभी राहायचो, आणि आईला चहाबद्दल माहीत असल्यामुळे ती बजावायची, आत जाऊन काही पिऊ नका रे.

बाभूळ (१८ डिसेंबर, सकाळी ९.४४)

नोंद घेतली. दत्तक मान्य. दोनशे रुपये अमान्य.

नगरी (१८ डिसेंबर, दुपारी १.२०)

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यावर लिहावंच लागतंय.

आमच्या घरचाच सण आहे. मी मराठी ख्रिश्चन, गाव राहुरी तालुक्यात, आता वीस वर्षं वडगाव शेरीत. ऑफिसात पहिल्या आठवड्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'आडनाव तर आपलं मराठी आहे, मग तुम्ही ख्रिश्चन कसे?' यावर माझ्या वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं, जसे तुम्ही कोथरूडचे तसे. लोक हसायचे आणि विषय बदलायचे.

आमच्या नाताळात केक फार उशिरा आला. खरा नाताळ म्हणजे फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू, शेव. दिवाळीला शेजारचे करायचे तेच सगळं आमच्याकडे दीड महिन्याने. आजीचा चकलीचा सोऱ्या दिवाळीत शेजारच्या कुलकर्णींकडे जायचा आणि नाताळात आमच्याकडे परत यायचा, त्या सोऱ्याला दोन धर्म होते. दारावर चांदणी लावायची, कामट्यांची, वर रंगीत कागद, आत बल्ब. कामट्या बहुतेक वेळा कुणाच्या तरी उतरवलेल्या आकाशकंदिलाच्या. चर्चला आजी देऊळच म्हणायची, 'देवळात जाऊन येते' म्हणून निघायची. २४ च्या रात्री गाणारी टोळी घरोघर फिरायची, पेटी, ढोलकी, टाळ. गाणी टिळकांची. आमचे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन, नगरला राहायचे ते. पुण्यात नुसतं टिळक म्हटलं की प्रत्येक वेळी हा खुलासा करावा लागतो. प्रत्येक घरी गूळघातला कोरा चहा, पहाटे तीनपर्यंत पोटात नुसता चहा डचमळायचा आणि ढोलकीवाला काका हमखास शेवटच्या घरी झोपलेला सापडायचा.

२५ ला सकाळी नवे कपडे, उपासना, दुपारी मटण. आणि त्याच्या आधी ताटं. हे महत्त्वाचं. फराळाची ताटं, वर विणलेला रुमाल, आम्हा पोरांच्या हातात द्यायची आणि आळीत बारा घरं. ताट रिकामं परत यायचं नाही. निदान साखर तरी, नाहीतर गूळ, बोरं, हरभऱ्याचा डहाळा, एका आजीकडून दरवर्षी एक नारळ. एका घरातून मात्र ताट तसंच भरलेलं परत यायचं, नम्रपणे, 'आमच्याकडे चालत नाही हो' म्हणून. आजी काही बोलायची नाही. पुढच्या वर्षी त्या घरी परत ताट पाठवायची. मी एकदा चिडून विचारलं कशाला पाठवतेस, तर म्हणाली, त्यांच्याकडे चालत नाही, माझ्याकडे चालतं ना.

कोथरूडकरीण, काकूंना कुणी काही विचारलं नाही असं तुम्ही लिहिलंत. विचारायला काय, बेल वाजवायची.

गुलबकावली (१८ डिसेंबर, दुपारी १.५८)

दोन धर्मांचा सोऱ्या!! नगरी, वाचनमात्र राहून केवढं नुकसान केलंत आमचं.

सुरमई (१८ डिसेंबर, दुपारी ४.१०)

आम्ही मूळ गोव्याचे, तीन पिढ्या कॅम्पात. आमच्याकडे फराळाला कुस्वार म्हणतात. नेवऱ्यो म्हणजे तुमच्या करंज्याच, नगरी. शिवाय दोदोल, बेबिंका, आणि कलकल. कलकल म्हणजे मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कंगव्यावर दाबून वळवायची, शिंपलीसारखी दिसते, मग तळायची. 'नवा' कंगवा हे अधोरेखित करते कारण दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बेबिंका हे सुनेच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायला शोधलेलं असावं. नारळाचं दूध, अंड्याचे बलक, एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, तूप, मग पुढचा थर, असे सात. मी पाच करते आणि सासूबाईंना मोजू देत नाही.

केकचे बेदाणे आणि टुटीफ्रुटी ऑक्टोबरात रममध्ये भिजतात. गव्हाणीच्या देखाव्यासाठी पंधरा दिवस आधी डब्यात नाचणी पेरते, तिची हिरवळ गोठ्याभोवती लावायची. माझी शेजारीण पहिल्यांदा बघून म्हणाली, अय्या, घट बसवलेत का? आणि बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नसते, ती कपाटात असते. एका वर्षी कुठल्या कपाटात तेच आठवेना, मिस्साहून (चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून) आल्यावर रात्री दीड वाजता आम्ही सहा जणं कपाटं उपसत होतो. साड्यांत सापडला.

पेठेतला_पंत (१८ डिसेंबर, दुपारी ४.१७)

ऑक्टोबरपासून रममध्ये. बेदाण्यांचं नशीब, दुसरं काय.

तिकडची_मी (१८ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०)

जर्मनीतून लिहितेय, न्यूरेंबर्गजवळ राहते. इथे आत्ता सव्वाचारला सूर्य मावळतो आणि सकाळी आठला उगवतो, उगवतो म्हणजे ढगामागे कुठेतरी कंदील लावल्यासारखं. हे अनुभवल्यावर मला कळलं की इथली माणसं डिसेंबरात एवढे दिवे का लावतात. हौस नाहीये ती, गरज आहे. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात. ६ डिसेंबरला निकोलस येतो, मुलं आदल्या रात्री बूट घासून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट. (कोथरूडकरीण, सासूबाईंना सांग, इथे आपणच बूट बाहेर ठेवतो.)

पण पहिल्या वर्षी आमची काय फजिती झाली. आम्हाला वाटलं ख्रिसमस म्हणजे लक्ष्मी रोडची दिवाळी, रस्त्यावर मजा बघायला जाऊ. २४ ला दुपारी आरामात उठून बाहेर पडलो तर दुकानं बंद व्हायला लागलेली. संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही, ट्रॅम रिकामी, खिडक्यांत नुसते दिवे. २५, २६ दोन्ही दिवस सुट्टी. घरात तांदूळ, मुगाची डाळ आणि आईने दिलेलं मेतकूट. तीन दिवस खिचडी. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला, आणि मी काय करावं, सवयीने डबा परत देताना त्यात मेतकूट-भात भरून दिला. काय खाल्लं त्यांनी देव जाणे. पण पुढच्या वर्षी डबा परत आला.

हवामानखातं (१८ डिसेंबर, रात्री ९.००)

थंडीचा प्रश्न कुणीच घेतला नाही म्हणून मी.

शिवाजीनगरच्या चौकाला सिमला ऑफिस का म्हणतात? हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्यात होतं, ते १९२८ साली पुण्यात आलं आणि नाव तसंच चिकटलं. म्हणजे पुण्यात थंडी नसली तरी सिमला आहे. शिवाजीनगरचा आजवरचा नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. आता दहाच्या खाली गेला की आपण ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो.

कोथरूडला पंखा आणि पाषाणला शेकोटी असं का, तर आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्री भराभर थंड होते, तिच्याजवळची हवा जड होऊन सखल भागात जमते. शिवाय सिमेंट दिवसभराची ऊब रात्रभर सोडत बसतं. ढग आले की पांघरूण घातल्यासारखं, थंडी गेली.

अजून एक. २२ डिसेंबरपासून दिवस मोठा होतो हे खरं, पण पुण्यात सूर्योदय त्यानंतरही उशिराच होत जातो, जानेवारीच्या मध्यापर्यंत. वाढ होते ती संध्याकाळी. त्यामुळे जानेवारीत सकाळच्या शाळेला मुलं उठत नाहीत यात त्यांची काही चूक नाही.

खडकीचा_पिंट्या (१८ डिसेंबर, रात्री ९.२२)

शेवटचं वाक्य प्रिंट काढून आईला नेऊन दिलं. तीस वर्षं उशीर झाला.

सतरंजी (१८ डिसेंबर, रात्री १०.०५)

माझी थंडी म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव. रमणबागेत रात्रभर चालायचं तेव्हाची. रजई, मंकी कॅप, थर्मासमधली कॉफी, पहाटे चारला शेजारचा अनोळखी माणूस खांद्यावर डोकं ठेवून घोरतोय आणि आपण त्याला उठवत नाही कारण तेवढीच ऊब. आता दहाला संपतं, घरी जाऊन एसी लावतात.

मीठभाकर (१९ डिसेंबर, सकाळी ११.००)

नगरींचं भरलेलं परत येणारं ताट वाचून काल झोप लागली नाही, कारण ते परत करणारं घर आमचं असू शकलं असतं.

आमच्याकडे डिसेंबर म्हणजे धुंधुरमास आणि मार्गशीर्षातले गुरुवार. धुंधुरमासात एक दिवस तरी सूर्य उगवताना जेवायचं, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, मुगाची खिचडी. गुरुवारी महालक्ष्मीचा घट, त्यामुळे अंडं घरात शिरत नाही. २००८ साली २५ डिसेंबर नेमका गुरुवारी आला, आणि तोही मार्गशीर्षातला शेवटचा, म्हणजे उद्यापनाचा. सकाळी साडेनऊला खालच्या मजल्यावरच्या मावशी ताट घेऊन दारात. करंज्या आणि केक. आत घट मांडलेला, पाच सवाष्णी यायच्या होत्या. आईचा चेहरा मला अजून दिसतो. दोन सेकंद थांबली असेल. मग ताट घेतलं, मावशींनाच हळदीकुंकू घ्यायला आत बोलावलं, मावशी म्हणाल्या मी कुंकू लावत नाही हो, तर आई म्हणाली बरं, फळ आणि दूध तरी घ्या. मावशी सोफ्यावर बसून दूध प्यायल्या. केक गॅलरीत स्टुलावर झाकून ठेवला, 'उद्या खायचा' असं जाहीर झालं. रात्री पाणी प्यायला उठले तर बाबा अंधारात गॅलरीत उभे. मला बघून म्हणाले, बारा वाजून गेलेत.

ताट परत जाताना आईने तिळाची भाकरी आणि लोणी दिलं. मावशींनी नंतर दरवर्षी आधी फोन करून वार विचारायला सुरुवात केली.

सुरमई (१९ डिसेंबर, सकाळी ११.२५)

'बारा वाजून गेलेत.' हसून हसून पुरेवाट.

गच्चीतली_बाग (१९ डिसेंबर, दुपारी ३.४०)

झाडाबद्दल कुणीच बोललं नाही. पुण्यात पूर्वी ख्रिसमस ट्री म्हणजे सुरूची फांदी, बादलीत माती भरून. नर्सरीत कुंडीत मिळतं ते अरोकेरिया, पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं, म्हणजे उष्ण हवेतलं, बर्फाशी त्याचा काही संबंध नाही. जमिनीत लावू नका, तीन मजले वर जातं.

आणि लाल पानांचं पॉइन्सेटिया, ती पानंच आहेत, फुलं मधली पिवळी बारकी. मेक्सिकोचं झाड. ऑक्टोबरपासून रोज रात्री तेरा-चौदा तास गडद अंधार मिळाला तरच लाल होतं. माझं तीन वर्षं हिरवंगार, कारण सोसायटीने गच्चीसमोर हॅलोजन लावलाय. यंदा रोज संध्याकाळी साडेपाचला त्यावर पुठ्ठ्याचा खोका घालते. शेजारी विचारतात, काय झाकताय, मी सांगते कोंबडी.

कोथरूडकरीण (२३ डिसेंबर, रात्री १०.१५)

नगरी, एक भाबडा प्रश्न. मुलीला चर्चमध्ये न्यायचं असेल तर चालतं का? काही नियम?

नगरी (२३ डिसेंबर, रात्री १०.४०)

चालतं की. कॅम्पातल्या मोठ्या चर्चना २४ च्या रात्री फार गर्दी असते, त्यापेक्षा २५ ला संध्याकाळी न्या, देखावा निवांत बघता येतो. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोटो काढू नका. लोक रांगेने पुढे जाऊन भाकर घेतात तेव्हा आपण जागेवरच बसायचं, तो प्रसाद समजून रांगेत उभं राहू नका, ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. कुणी रागावत नाही, पण फादरांची पंचाईत होते. गावाकडच्या देवळांत सतरंजीवर बसतात आणि चपला बाहेर काढतात, तुमच्या सासूबाईंना आवडेल.

बाभूळ (२५ डिसेंबर, सकाळी ८.१२)

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.

आमच्या सोसायटीचा ठरवलेला सांता आयत्या वेळी आला नाही. चेअरमन थेट माझ्या दारात, म्हणाले तुमचं पोट आहे, दाढी आम्ही देतो. पावणेदोन तास त्या कापसाच्या दाढीत काढले. चौथ्या मजल्यावरच्या एका कार्ट्याने सगळ्यांसमोर विचारलं, सांता, तू पार्किंगवरून भांडणारा काका आहेस ना? यावर कुणीही विनोद करू नये.

पेठेतला_पंत (२५ डिसेंबर, सकाळी ८.१३)

दत्तक गेलात म्हणायचं.

अवांतर_आजोबा (२५ डिसेंबर, सकाळी ८.५०)

दोनशे रुपये दिलेत का शेवटी?

बाभूळ (२५ डिसेंबर, सकाळी ८.५५)

माफ झाले.

कोथरूडकरीण (२६ डिसेंबर, रात्री ११.०५)

काल बेल वाजवली. लेकीच्या हातात गाजरहलव्याचा डबा, मी मागे. काकूंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, 'अगं, मी आत्ता तुमच्याकडेच ताट घेऊन निघाले होते, पण म्हटलं तुमच्याकडे चालेल की नाही.' चार वर्षं दोन्ही दारांच्या आत हाच विचार चालू होता बहुतेक. काकू जालन्याच्या. घरात पेटी आहे, काकांचे वडील भजनं बसवायचे. लेकीला त्यांनी गव्हाणीतल्या मेंढ्या हातात घेऊ दिल्या, त्यातली एक परत येताना तिच्या खिशात निघाली, ती रात्रीच नेऊन दिली. सासूबाईंनी करंजी खाऊन विचारलं, सारणात खसखस आहे का. आहे. त्यांच्यात आणि काकूंमध्ये आता खसखशीवरून फोन चालू आहेत, माझ्याकडे काकूंचा नंबर अजूनही नाही.

ताट माझ्याकडेच राहिलंय, कारण मी डबा नेला आणि त्या ताटातूनच घेऊन जा म्हणाल्या. आता त्यात काय घालून देऊ? संक्रांतीला तिळाच्या वड्या करतेच आहे, तोपर्यंत ठेवलं तर वाईट दिसेल का?

मीठभाकर (२६ डिसेंबर, रात्री ११.२०)

तीन आठवडे? अजिबात नाही. धुंधुरमास चालू आहे, बाजरीची भाकरी आणि लोणी. रविवारी सकाळी सातला.

पेठेतला_पंत (२६ डिसेंबर, रात्री ११.२२)

रविवारी सकाळी सातला कोथरूडात बेल वाजवणार? चार वर्षं परत बोलणार नाहीत त्या.

नगरी (२६ डिसेंबर, रात्री ११.३१)

रविवारी सकाळी त्या देवळात असतील. शनिवारी द्या.